मागच्या खुर्चीत बसलं तरी चालतं

दारू सोडायची ठरवली तरी सभेला जाताना ओळखीचं कुणी भेटेल, ही धास्ती मोठी. म्हणून डोंबिवलीकर ठाण्यातली सभा शोधतो, ठाणेकर कल्याणची. खुशाल शोधावी, लोकल आहेच! या सभा दारू सोडू पाहणाऱ्यांनीच चालवलेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या. तिथे आडनाव विचारत नाहीत, फी घेत नाहीत. पिणं थांबवण्याची इच्छा एवढीच अट.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात शेअर बाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूनं पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले. त्यातून या सभा सुरू झाल्या. उपदेश करणारा तिसरा तिथे नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पुण्यातलं ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून आहे. पण तिथून उपचार घेऊन घरी परतलेल्यालाही कोपऱ्यावरचा बार चुकत नाही. म्हणून जवळची सभा हवी. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असं नाही. नुसतं ऐकावं.

रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र एकट्यानं, एकदम थांबू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आधी डॉक्टर. आणि घरच्यांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ची वेगळी सभा असते. नवरा अजून तयार नसला, तरी बायकोनं आपलं जायला हरकत नाही.