अल्ब्युमिनचा आकडा आणि त्यामागचं शरीर

रक्ततपासणीच्या अहवालात ‘सीरम अल्ब्युमिन’ अशी एक ओळ असते. निरोगी माणसात तिच्यापुढे दर डेसिलिटरला साडेतीन ते पाच ग्रॅम असा आकडा दिसतो. तो अडीचवर आला की रुग्णाच्या घरी दोन गोष्टींची धावपळ सुरू होते. रोज अंड्यांचा पांढरा भाग खाऊ घालायचा, आणि ऐपत असेल तर शिरेतून अल्ब्युमिनची बाटली लावायची. दोन्हींमागचा हिशेब एकच: जे कमी पडलं ते बाहेरून भरलं की झालं. हिशेब मायेपोटी केलेला असतो, दिसायलाही सरळ असतो. तरीही तो पुष्कळदा चुकतो. तो का चुकतो, हे समजून घेताना जिवंत शरीर कसं चालतं याबद्दलच बरंच काही हाती लागतं.

आधी अंड्याकडे पाहू. रक्तातला पिवळसर द्रव, अंड्याचा पांढरा भाग, दूध, मासे, मोहरी, तीळ, शेंगदाणे, या सगळ्यांत अल्ब्युमिन म्हणवली जाणारी प्रथिनं आहेत. ती एका पंक्तीला बसली ती मुख्यतः एका गुणावर: ती पाण्यात सहज विरघळतात. त्यांतली काही उष्णता लागताच गोठून पांढरी होतात. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ थॉमस ऑसबोर्न यांनी बियांमधल्या प्रथिनांची वर्गवारी केली तीही विरघळण्यावरूनच. पाण्यात विरघळणारी अल्ब्युमिनं, मिठाच्या पाण्यात विरघळणारी ग्लोब्युलिनं, अल्कोहोलमध्ये विरघळणारी प्रोलॅमिनं. प्रयोगशाळेत ही विभागणी आजही कामाची आहे. पण पुढे प्रथिनांतल्या अमिनो आम्लांचा क्रम वाचता आला, तेव्हा या पंक्तीतल्या मंडळींची कुळं वेगवेगळी निघाली.

अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक वाटा ओव्हल्ब्युमिनचा असतो. त्याच्या साखळीत 385 अमिनो आम्लं आहेत. नात्याने ते आपल्या रक्तातल्या अल्ब्युमिनचं कुणी लागत नाही. त्याचं कूळ अँटीथ्रॉम्बिनचं, म्हणजे रक्त गोठण्यावर लगाम ठेवणाऱ्या प्रथिनाचं. दुधातलं अल्फा-लॅक्टल्ब्युमिन हे जिवाणूंच्या भिंती फोडणाऱ्या लायसोझाइमच्या कुळातलं. स्तनातल्या पेशींत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, तयार व्हायला ते लागतं. सुरमई-बांगड्याच्या स्नायूंमधलं पार्व्हल्ब्युमिन कॅल्शियम धरून ठेवतं आणि आकुंचन पावलेला स्नायू चटकन सैल व्हायला मदत करतं. पुष्कळांना माशांची ॲलर्जी होते ती याच प्रथिनामुळे, आणि ते शिजवूनही सहसा मोडत नाही. मोहरी, तीळ आणि शेंगदाण्यातली अल्ब्युमिनं म्हणजे उगवणाऱ्या रोपासाठी बीने साठवलेली नत्र-गंधकाची शिदोरी. तीही उष्णतेला आणि पाचकरसांना चिवटपणे तोंड देतात, म्हणून ॲलर्जी असलेल्यांना चिमूटभर शेंगदाण्याचं कूटही महागात पडू शकतं.

मग आपल्या रक्तातल्या अल्ब्युमिनचे खरे सगेसोयरे कोण? ‘ड’ जीवनसत्त्व वाहून नेणारं प्रथिन हे त्यातलं एक, आणि गर्भाच्या रक्तात भरपूर असणारं अल्फा-फीटोप्रोटीन हे दुसरं. यांची जनुकं चौथ्या गुणसूत्रावर अल्ब्युमिनच्या जनुकाजवळच आहेत. जन्मानंतर अल्फा-फीटोप्रोटीन झपाट्याने कमी होतं. प्रौढ वयात ते पुन्हा वाढलेलं दिसलं तर डॉक्टर यकृताच्या कर्करोगाचा विचार करतात. आणि अंड्यातही आपल्या अल्ब्युमिनचा सख्खा नातलग आहे. कोंबडीच्या रक्तातलं अल्ब्युमिन तिच्या अंड्यात उतरतं, पण ते सापडतं पिवळ्या बलकात, जो आपण रुग्णासाठी बाजूला काढून ठेवतो.

अर्थात नातं असो वा नसो, पोटात गेल्यावर फरक पडत नाही. जठर आणि आतडं कुठल्याही प्रथिनाचे तुकडे करून त्याची अमिनो आम्लं बनवतात. यकृत ती उचलतं आणि आपल्या जनुकातल्या सूचनेप्रमाणे 585 अमिनो आम्लांची आपली साखळी नव्याने गुंफतं. अंडं उत्तम प्रथिन आहे आणि जो खातो त्याने ते जरूर खावं. पण घरातल्या माळकरी आजोबांना आजारपणात अंड्यासाठी भरीला पाडण्याचं कारण नाही. दूध, पनीर, डाळी, उसळी, शेंगदाणे यांच्यातूनही तीच अमिनो आम्लं मिळतात. यकृताला माल हवा असतो, तो कुठल्या दुकानातून आला हे ते विचारत नाही.

आता रक्तातलं अल्ब्युमिन काय करतं ते पाहू, कारण त्याचं काम नीट पाहिल्याशिवाय त्याच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. निरोगी यकृत दिवसाला दहा ते पंधरा ग्रॅम अल्ब्युमिन बनवतं. प्लाझ्मातल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक तेच असतं. स्निग्धाम्लं, कॅल्शियम, थायरॉइडचं संप्रेरक, वॉर्फरिन आणि आयबुप्रोफेनसारखी औषधं, अशा परस्परांशी काहीच साम्य नसलेल्या प्रवाशांना ते अंगाखांद्यावर घेतं. यातली खुबी पकडीच्या सैलपणात आहे. औषधाचा जो अंश अल्ब्युमिनपासून सुटलेला असतो तोच परिणाम करतो. पकड फार घट्ट असती तर औषध पोचूनही निरुपयोगी ठरलं असतं. नवजात बाळाच्या काविळीत तर ही पकड मेंदूचं रक्षण करते. बाळाचं कोवळं यकृत जे बिलिरुबिन बाहेर टाकू शकत नाही, ते अल्ब्युमिनला चिकटून राहतं तोवर मेंदूत शिरू शकत नाही. म्हणूनच बिलिरुबिनला तिथून हुसकावणारी सल्फासारखी काही औषधं नवजात बाळांना देत नाहीत.

दुसरं काम पाणी धरून ठेवण्याचं. इंग्लंडमधले शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1896 मध्ये दाखवलं की हृदयाच्या दाबाने केशवाहिन्यांबाहेर ढकलला जाणारा द्रव प्लाझ्मातली प्रथिनं आत ओढून धरतात. या ओढीचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा अल्ब्युमिनचा आहे. ते खूप घटलं की पायांवर सूज येते, पोटात पाणी साठतं. त्याआधी 1827 मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले रिचर्ड ब्राइट यांनी सुजलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली होती. ती अंड्यासारखी पांढरी गोठली, आणि सूज व मूत्रपिंड यांचा धागा जुळला. आज मधुमेह्यांच्या लघवीतलं अल्ब्युमिन मिलिग्रॅममध्ये मोजतात, आणि मूत्रपिंडाची चाळण ढिली होऊ लागल्याचा इशारा सूज येण्याच्या कितीतरी आधी मिळतो.

एवढी कामं करणारं प्रथिन नसेल तर माणूस जगेल का? 1954 मध्ये जर्मनीतले वैद्य हान्स बेनहोल्ड यांनी रक्तात अल्ब्युमिन जवळजवळ नसलेल्या माणसांची नोंद प्रसिद्ध केली. जनुकातल्या दोषामुळे ते जन्मापासूनच बनत नव्हतं. अशी माणसं अतिशय विरळ, पण त्यांतले बरेच जण प्रौढपणी किरकोळ सुजेवर निभावतात. त्यांची इतर प्लाझ्मा प्रथिनं वाढलेली असतात, रक्तदाब कमी असतो, कोलेस्टेरॉल चढलेलं असतं. शरीराने उणीव गृहीत धरून आपली सगळी व्यवस्थाच वेगळी लावलेली असते. हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. अल्ब्युमिन जवळजवळ शून्य असलेला माणूस चालता-फिरता असू शकतो आणि अडीच असलेला अतिदक्षता विभागात असू शकतो. म्हणजे आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो कुठल्या शरीरातला, कशामुळे झालेला, हे विचारल्यावरच तो बोलू लागतो.

अल्ब्युमिन घटण्याच्या वाटा अनेक आहेत. सिऱ्होसिसमध्ये यकृत ते पुरेसं बनवू शकत नाही. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये मूत्रपिंड ते वाहू देतं, आणि तिथे भरमसाट प्रथिनं खाल्ली तर लघवीतली गळती उलट वाढू शकते. काही आजारांत ते आतड्यातून झिरपतं. जंतुसंसर्गात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर यकृत आपली ताकद दाह हाताळणाऱ्या प्रथिनांकडे वळवतं आणि अल्ब्युमिनचं उत्पादन मागे ठेवतं. शिवाय एरवीही दर तासाला सुमारे पाच टक्के अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांबाहेर जाऊन लसिकेवाटे परतत असतं, आणि दाह झाला की हे बाहेर जाणं वाढतं. उलट केवळ उपासमारीने खंगलेल्या माणसात आकडा बराच काळ जवळपास ठीक राहू शकतो. ‘अल्ब्युमिन कमी म्हणजे खाणं कमी’ हे समीकरण म्हणून टिकत नाही. अशा वेळी रुग्णाला वाढणाऱ्या घरच्या बाईकडे बोट दाखवलं जातं, ते तर निखालस अन्यायाचं आहे.

बाटलीची गोष्टही हेच सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डच्या एडविन कोन यांनी थंड अल्कोहोलच्या साहाय्याने प्लाझ्मातून अल्ब्युमिन वेगळं काढलं, आणि 1941 च्या डिसेंबरात पर्ल हार्बरच्या जखमींना ते दिलं गेलं. रक्तस्रावाने आणि भाजण्याने कोसळलेल्या सैनिकांसाठी ते वरदान वाटलं, आणि पुढच्या दशकांत त्याचा वापर पसरत गेला. मग मोजमाप झालं. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेफ’ चाचणीत अतिदक्षता विभागातल्या जवळपास सात हजार रुग्णांना अल्ब्युमिन किंवा साधं सलाइन देऊन पाहिलं, तर अठ्ठावीस दिवसांतल्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही. 2021 च्या ‘अटायर’ चाचणीत सिऱ्होसिसने रुग्णालयात दाखल झालेल्यांचा आकडा रोज अल्ब्युमिन देऊन मुद्दाम चढवला. आकडा चढला, रुग्णांना मात्र त्याचा ठोस फायदा झाला नाही.

याचा अर्थ बाटली निरुपयोगी आहे असा नाही. जलोदराचं पाच लिटरहून अधिक पाणी एकदम काढावं लागतं तेव्हा, किंवा त्या पाण्यात जंतुसंसर्ग होऊन मूत्रपिंडं धोक्यात येतात तेव्हा अल्ब्युमिनचा उपयोग सिद्ध झालेला आहे. तिथे ते विशिष्ट संकटात विशिष्ट काम करायला दिलं जातं. अहवालातली ओळ नीटनेटकी दिसावी म्हणून दिलेली बाटली आणि ही बाटली, दोन्हींतलं औषध एकच, पण उपचार वेगळे.

या फरकाला एक नैतिक बाजूही आहे. अल्ब्युमिनची बाटली माणसांनी दिलेल्या प्लाझ्मापासून बनते. ती महाग असते, आणि एखादं कुटुंब तिच्यासाठी दागिना गहाण टाकतं. असं औषध आकड्याच्या समाधानासाठी वापरणं म्हणजे प्लाझ्मा देणाऱ्याचा आणि कर्ज काढणाऱ्याचा, दोघांचाही विश्वास वाया घालवणं. त्यामुळे अहवाल हातात घेऊन डॉक्टरांसमोर बसलेल्या नातेवाइकाने ‘अल्ब्युमिन कसं वाढवायचं?’ याआधी ‘ते का घटलं?’ हे विचारावं, आणि डॉक्टरांनी त्याचं उत्तर सोप्या मराठीत द्यावं. कारण सापडलं आणि त्यावर इलाज झाला, तर यकृत आपल्या गतीने अल्ब्युमिन पुन्हा बनवू लागतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे वीस दिवसांचं असल्याने आकडा सावरायला काही आठवडे लागतात. तेवढा धीर धरणं हाही उपचाराचाच भाग आहे.