पाहून झाले, भेट राहिली



वारकऱ्याला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतेच, "पंढरपूर पाहिलेले आहे ना? मग पुन्हा कशाला?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात एक समजूत दडलेली आहे: जागा एकदा पाहिली की संपली. ही समजूत आपल्या ओळखीच्या वाटेवर तपासण्याऐवजी आज दूरच्या लंडन शहरात तपासून पाहू. आपल्यापैकी काहींची लेकरे तिकडे संसाराला लागली आहेत. नातवंडांच्या ओढीने दोन-चार फेऱ्या होतातच.

पहिल्या फेरीत तुम्ही भुयारी रेल्वेने फिरता. तिचा 1933 साली निघालेला नकाशा हॅरी बेक यांनी आखला. तो समजायला सोपा, पण त्यातली अंतरे खरी नाहीत. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या स्थानकांमध्ये पायी चार-पाच मिनिटांचे अंतर, तरी नवखा माणूस जमिनीखाली उतरून गाडीची वाट पाहतो. एका ठिकाणी डोके वर काढावे, पाहावे, पुन्हा भुयारात शिरावे. राजवाडा झाला, पूल झाला, सेंट पॉलचा घुमट झाला. 1666 च्या आगीनंतर क्रिस्टोफर रेन यांनी हे प्रार्थनामंदिर नव्याने उभारले, एवढे ऐकून पुढे. यादी पुरी होते, शहर भेटत नाही.

पुढच्या फेरीला यादी उरत नाही, म्हणून पाय मोकळे होतात. सेंट पॉलपासून पाचच मिनिटांवर पोस्टमन्स पार्क नावाची लहानशी बाग लागते. शेजारच्या टपाल कचेरीतली माणसे दुपारी इथे येऊन बसत, म्हणून हे नाव. तिथल्या एका भिंतीवर, छपराखाली, चिनी मातीच्या फरशा बसवल्या आहेत. त्यांवर दुसऱ्याला वाचवताना प्राण गमावलेल्या सामान्य माणसांची नावे आहेत. चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स यांनी 1887 मध्ये ही कल्पना मांडली आणि 1900 मध्ये स्मारक खुले झाले. त्यातली एक ॲलिस आयर्स. बहिणीच्या घरी राहून मुले सांभाळणारी ही तरुणी. 1885 मध्ये घराला आग लागली. खालून लोक तिला उडी मारायला सांगत होते. तिने आधी गादी खाली टाकली, मग एकेक करून तिन्ही भाच्यांना त्या गादीवर सोडले, आणि शेवटी स्वतः पडली. त्या दुखापतीने ती गेली.

आता पायी पुलावरून थेम्स ओलांडा. पलीकडे सदर्क भागात ते घर जिथे होते तो युनियन स्ट्रीट आहे, आणि जवळच्या एका लहान गल्लीला 1936 मध्ये आयर्स स्ट्रीट हे नाव दिले गेले. पहिल्या फेरीत तुम्ही या पाटीखालून गेला असतात तरी ती नुसती पाटी होती. आज तिथे पाय थबकतात. गल्ली तीच, अक्षरे तीच. बदलला तो पाहणारा. म्हणजे जागा संपत नाही, आपली नजर अपुरी असते, आणि ती एका फेरीत पुरी होत नाही.

पण सावध राहा. नुसत्या फेऱ्यांनी हे घडतेच असे नाही. दहा वेळा लंडनला जाऊन आलेला माणूस अकराव्यांदा जाणाऱ्याला "हे पाहिले नाहीत? मग काय पाहिलेत!" असे सुनावतो. त्याच्या फेऱ्या वाढल्या, तसा त्याचा 'मी'ही वाढला. चालण्याने अहंकार झिजतो तसा पोसलाही जातो. फरक एवढाच की आपण शहर जिंकायला निघालो की त्याच्यापुढे लहान व्हायला.

आपल्या वाटेलाही हीच कसोटी लागू आहे. दिंडीत शेजारी चालणाऱ्याला आपण अभिमानाने आकडा सांगतो, "माझी ही पंचविसावी." आकडा खरा असेल. पण ज्या गावात दरवर्षी आपल्या हातावर पाणी घालणारी माउली उभी असते, तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? घुमटापलीकडची बाग दिसायला लंडनला दुसरी फेरी लागली. कळसाकडे डोळे लावून चालताना आपल्याला पंचविसाव्या वारीतही कोण दिसायचे राहिले, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. पुन्हा निघायला तेवढे कारण पुरेसे आहे.