सौद्यापलीकडचा भरवसा

देवावर भरवसा ठेवलेलं घर अन्नावाचून संपताना ज्या मुलीनं पाहिलं, तिनं पुन्हा देवावरच भरवसा का ठेवावा? पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात मला सर्वांत जास्त अडवणारा प्रश्न हा आहे. त्यांच्या विद्वत्तेवर, धर्मांतरावर आणि त्यावरून पुण्यात उठलेल्या वादळावर मराठीत पुष्कळ लिहून झालं. विश्वास मात्र बहुतेकांनी त्यांची खासगी बाब म्हणून बाजूला ठेवला. मला ते पटत नाही. तो बाजूला ठेवला, तर निराधार मुलींसाठी त्यांनी केडगावला उभं केलेलं मुक्ती मिशन कळतच नाही.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब तीर्थं हिंडत, पुराणं सांगत जगलं. गाठीचं होतं ते दानधर्मात गेलं. व्रतं झाली, उपास झाले. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले. 1907 साली लिहिलेल्या साक्षीत रमाबाई सांगतात, की मरणाआधी वडिलांनी आपल्या या धाकट्या लाडक्या लेकीला देवाच्या हाती सोपवलं आणि जन्मभर त्याचीच सेवा कर असं बजावलं. इतकं करूनही देव पावला नाही, हे त्या दोन भावंडांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. जुन्या श्रद्धेवरचं त्यांचं मन तिथेच उडू लागलं.

‘आम्ही इतकं केलं, आता तू दे’ हा व्यवहार एका धर्माचा नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहणाऱ्यांत आम्ही ख्रिस्तीही असतो. चर्चला न चुकता जाणारा माणूससुद्धा मनातल्या मनात आपल्या पुण्याईची वही लिहीत असतो.

रमाबाईंचंही आधी तसंच झालं. 29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बुद्धीला पटलं म्हणून घेतला, आणि ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे चांगलं वागण्याची शिकस्त केली. मनाला स्वस्थता नव्हती. पुढे विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचं आत्मकथन त्यांच्या हाती पडलं. वर्षानुवर्षं धर्मसेवा करूनही आपलं तारण झालेलं नाही, हे त्या माणसाला उमगलं होतं. रमाबाईंनी स्वतःकडे पाहिलं. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर त्यांना कळलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला; ख्रिस्त मिळायचा राहिला आहे. तारण कमवायचं नसतं. ख्रिस्तानं ते मिळवून ठेवलेलं असतं, आपण रित्या हातांनी घ्यायचं. ज्यांनी लहानपणापासून देवाला फक्त देत राहणंच पाहिलं, त्यांना रित्या हातांनी उभं राहणं किती जड गेलं असेल!

मग कष्ट कशाला करायचे, असं कुणीही विचारील. उत्तर 1896च्या दुष्काळात मिळतं. रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदन या शाळेला अमेरिकेतून मिळणारी मदत दहा वर्षांच्या बोलीची होती आणि ती मुदत संपत आली होती. पुढचं उत्पन्न हवं म्हणून केडगावला फळबागेसाठी जमीन घेतलेली होती. हाती पैसा नसताना रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेनं हाडं निघालेल्या शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले तेव्हा त्या मुलींना त्यांनी केडगावच्या त्याच जमिनीवर नेलं. हे पुण्य जोडणं नव्हतं. तारणाची चिंता सुटलेल्या माणसाकडेच एवढी ताकद दुसऱ्यासाठी शिल्लक राहते, असं मला वाटतं. आणि देवाचं मार्गदर्शन म्हणतात ते इथे कसं आलं? प्रार्थना होती, शास्त्रवाचन होतं. पण रस्त्यावरची उपाशी पोर पाहिल्यावर स्वतःचं उपाशी बालपण आठवलं, हेही होतं. देव आपल्याच जखमेतून बोलतो, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

असा भरवसा माणसांपुढे मान तुकवायला शिकवत नाही. त्रैक्याच्या शिकवणीवरून त्यांनी धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, असं विचारलं. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्यांनी निषेध केला. 1897 साली पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या कारभारावर वृत्तपत्रातून टीका करताना त्यांनी सरकारचीही भीड ठेवली नाही. ‘देवाची इच्छा’ म्हणून जे कुणी आपली इच्छा लादतात, त्यांना रमाबाईंचा विश्वास नेहमीच अडचणीचा ठरेल. चर्चमधल्यांना तर अधिकच.

1921 साली मनोरमा गेली. एकुलती एक लेक, मुक्तीचं काम पुढे नेणारी. बापाच्या घरी जुळला नाही तो हिशेब इथेही जुळत नाही. या मृत्यूला मी देवाची योजना म्हणणार नाही. तसं म्हटलं की आपण पुन्हा वही उघडून बसतो. रमाबाईंचं बायबलच्या भाषांतराचं काम तेव्हा चालू होतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या ते करत होत्या, खेड्यातल्या साध्या बाईलाही वाचून कळावं अशा मराठीत. लेकीच्या मृत्यूनंतर ते त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.