अतिथी आणि गिऱ्हाईक

दापोली तालुक्यातल्या मुरूड गावी समुद्राला लागून आमचे घर आहे. घरामागे सहा खोल्या बांधून त्या आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो. सरकारी कागदांत याला 'निवास व न्याहारी' म्हणतात, गावातले लोक 'लॉज' म्हणतात, आणि रस्त्यावर मी लावलेल्या पाटीवर 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' असे शब्द होते. या तिन्हींपैकी खरे नाव कोणते, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडलाच नाही. तो पडला एका हिवाळ्यात, आणि त्याचे निमित्त अगदी क्षुल्लक होते. परंतु मोठ्या प्रसंगी माणूस सावध असतो. त्याची खरी परीक्षा होते ती अशा क्षुल्लक निमित्तांनीच. म्हणून ते सांगण्याचे धाडस करतो.

थंड देशांत समुद्रकाठची लहान विश्रामगृहे हिवाळ्यात ओस पडतात. आमच्याकडे ते काम पावसाळा करतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि खोल्यांच्या भिंतींना ओल आलेली असते. दिवाळी झाली की दारे उघडायची, गाद्यांना ऊन दाखवायचे, भिंतींवरून चुन्याचा हात फिरवायचा आणि वाट पाहायची. शुक्रवारी रात्री मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात आणि रविवारी जेवून परत जातात. सोमवार ते गुरुवार घर पुन्हा आमचे असते. दोरीवर चादरी वाळत असतात, कुणाचा तरी विसरलेला टॉवेल असतो, आणि मोहोराचा वास येत असलेल्या आंब्याखाली आम्ही नवराबायको चहा पीत हिशेब करतो. दिवस कलला की मी मासळीसाठी हर्णैला लिलावाला जातो. सुवर्णदुर्गासमोरच्या त्या वाळूवर बोली चालू असताना मला नेहमी वाटते, की किंमत ही काय विलक्षण गोष्ट आहे! तोच समुद्र, तीच सुरमई; घेणारे चार अधिक आले की भाव निराळा.

आमच्या खोल्यांचेही तसेच आहे. एरवी १५०० रुपयांची खोली डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात ३००० रुपयांना जाते. याची मला लाज वाटत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि एका दिवसात आमची पोफळीची बाग आडवी झाली. पोफळ नव्याने लावली, तर तिला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. तोवर बागेवर चालणारे घर खोल्यांवर चालवणे भाग होते. हिवाळ्यातला तो एक आठवडा पावसाळ्यातल्या चार महिन्यांना पोसतो. येणाऱ्याला भाव आधी सांगितलेला असतो. पटला तर तो येतो, न पटला तर येत नाही. यात कोणी कोणाला फसवीत नाही.

किंबहुना, पैसे घेऊन राहायला-जेवायला देणे यात काही कमीपणा आहे असे मी कधीच मानले नाही. हे मला वडिलांनी शिकवले. ते मुंबईत गिरणीत होते आणि गिरणगावातल्या एका बाईंच्या खाणावळीत महिन्याच्या बोलीवर जेवत. ते सांगत, "नातेवाइकाच्या घरी जेवलो असतो तर मिंधा झालो असतो. खाणावळीत दुसरी भाकरी ताठ मानेने मागता यायची." किंमत माणसाला मिंधेपणातून सोडवते, हे केवढे मोठे काम आहे! उपकाराखाली वाकलेली मान पैसे मोजले की सरळ होते. दान देणाऱ्याला मोठे करते. किंमत दोघांना एका पातळीवर आणते.

तथापि वडिलांच्या गोष्टीचा दुसरा भागही होता, आणि तो मी नीट ऐकला नव्हता. संपाच्या दिवसांत पगार बंद झाला तेव्हा त्या बाईंनी त्यांचे ताट बंद केले नाही. असे करणारी ती एकटी नव्हती. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बाया स्वतः सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. तरीही संपकऱ्यांना त्यांनी उधारीवर जेवू घातले. पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, ते अशाच बायांना एकत्र आणून. म्हणजे ज्या जेवणाची किंमत ठरलेली होती, त्याच जेवणात किंमतीपलीकडचे काहीतरी होते. ते पाटीवर लिहिलेले नव्हते, वहीतही नव्हते. वेळ आली तेव्हा ते दिसले, इतकेच.

आता तो प्रसंग सांगतो. २०२२ साली ३० डिसेंबरला, शुक्रवारी रात्री नऊच्या सुमारास, दोन कुटुंबे भाड्याच्या गाडीने आली. सहाही खोल्या भरल्या. वहीत मी नावे लिहिली, माणसे किती, मुले किती, गाडीचा नंबर काय, सगळे लिहिले. गाडी चालवणाऱ्याच्या नावाचा रकाना वहीत नव्हता. सगळ्यांची जेवणे उरकल्यावर तो स्वयंपाकघरामागे जेवला. त्याचे पैसे त्या मंडळींच्या बिलात होते. हात धुऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मालक, पडवीत जरा अंग टाकू का? पहाटे उठून जाईन."

मी म्हणालो, "पडवीत कोणाला झोपू देत नाही हो आम्ही."

हा नियम मी उगाच केला नव्हता. मागल्याच वर्षी एका पाहुण्याने तक्रार केली होती, की रात्री बाहेर परका पुरुष झोपलेला असतो, बायकामुलांना अवघडल्यासारखे होते. तक्रार खोटी नव्हती. तो ड्रायव्हर "बरं" म्हणाला आणि गाडीत जाऊन झोपला. त्याच्या स्वरात रागही नव्हता आणि आश्चर्यही नव्हते. हे उत्तर त्याला पाठ असावे.

कोकणातली थंडी ती केवढी, असे घाटावरचे लोक हसून म्हणतात. पण दिवसभरचे खारे वारे पडले आणि रात्री डोंगराकडून मतलई सुटली, की वाळू गार पडते आणि दंवाने पत्रे ठिबकू लागतात. गाडीच्या काचा उघडाव्यात तर डास, लावाव्यात तर जीव गुदमरतो. तीनच्या सुमारास टाकीत पाणी चढवायला मी उठलो. बाहेर पाहतो तो, डोक्यावरून चादर घेऊन तो माणूस रस्त्यावर येरझारा घालीत होता. माझ्या पडवीत काळे कुत्रे नव्हते. माळ्यावर दोन जादा गाद्या होत्या. मी पंप चालू केला, पंप बंद केला, आणि पडवीतला दिवा न लावता परत जाऊन झोपलो. दिवा लावला असता तर त्याने मला पाहिले असते.

सकाळी मंडळींचा चहा झाला. पाहुण्यांचा चहा खोलीच्या भाड्यात असतो. हाही चहा प्यायला, कप विसळून पालथा ठेवला आणि विचारले, "चहाचे किती झाले, मालक?" माझ्या तोंडून सवयीने निघाले, "दहा." त्याने दहाची नोट दिली. मी ती घेतली.

गाडी गेल्यावर पत्नी एवढेच म्हणाली, "अहो, त्याच्याकडून चहाचे पैसे घेतलेत?"

त्या दिवसापासून वडिलांचे ते वाक्य मला पूर्वीसारखे निर्मळ वाटेनासे झाले. किंमत माणसाला मिंधेपणातून सोडवते हे खरेच आहे. परंतु ज्याने एक चहा घेतला तो माणूस माझ्या मिंधेपणात नव्हताच. त्या सकाळी ऋणी कोणी असेल तर मी होतो. त्याच्याकडे न पाहता परत झोपलो याचे देणे माझ्या अंगावर होते. त्याने दहा रुपये पुढे केले आणि मी ते घेतले तेव्हा हिशेब पुरा झाल्यासारखा दिसला. चहा दिला, पैसे मिळाले, कोणी कोणाचे काही लागत नाही. किंमतीचा हा दुसरा उपयोग मला तोवर ठाऊक नव्हता. घेणाऱ्याची मान जशी तिने ताठ राहते, तशी देणाऱ्याची नजरही तिने चुकवता येते.

'अतिथी' या शब्दाची जुनी फोड अशी सांगतात, की ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी. मनुस्मृतीत एका रात्रीपुरता राहणारा तो अतिथी, असे म्हटले आहे. या दोन्ही कसोट्या लावल्या तर माझ्या सहा खोल्यांत त्या रात्री एकही अतिथी नव्हता. सगळ्यांची तिथी महिनाभर आधी ठरलेली होती आणि तिची आगाऊ रक्कमही जमा झाली होती. ज्याच्या नावापुढे तिथी नव्हती असा एकच माणूस दारात होता, आणि तो गाडीत झोपला होता. अतिथीला देव माना असे तैत्तिरीय उपनिषदात सांगितले आहे हे मला ठाऊक होते. पाटी रंगवणाऱ्याने तर ते वचन पाटीवर घालू का म्हणून विचारलेही होते.

कठोपनिषदातली नचिकेत्याची गोष्ट आपल्या परिचयाची आहे. तो यमाच्या दारी गेला तेव्हा यम घरी नव्हता, आणि तीन रात्री तो मुलगा उपाशी बसून राहिला. परत आल्यावर यम 'मी घरी नव्हतो' असे म्हणत नाही. प्रत्यक्ष मृत्यू एका पोराची विनवणी करतो आणि तीन रात्रींबद्दल तीन वर देतो. त्या गोष्टीत पुढे आत्मविद्येचे मोठे विवेचन आहे आणि विद्वान त्यासाठीच ती वाचतात. मला मात्र तिचा हा आरंभच अधिक अस्वस्थ करतो. यम निदान घरी नव्हता. मी घरी होतो आणि जागा होतो.

नाताळचा हंगाम संपल्यावरच्या पहिल्या सोमवारी पत्नीने माळ्यावरच्या दोन गाद्या खाली काढल्या. तेव्हापासून त्या पडवीत असतात, वर कांबळी असतात, आणि पंखा डासांपुरता चालू असतो. एकदोघांनी नाक मुरडले. एका कुटुंबाने तर दोन रात्रींचे आरक्षण रद्द केले, तेही ऐन हंगामात. तेव्हा मला आपण काही चांगले करीत आहोत असे वाटले, आणि ती भावना फार सुखाची होती हे कबूल केले पाहिजे.

पण ती पुढच्या हिवाळ्यापर्यंतही टिकली नाही. गाड्या भाड्याने देणाऱ्यांचे फोन येऊ लागले : "तुमच्याकडे ड्रायव्हरची सोय फुकट आहे ना?" आणि एका रात्री पडवीत झोपायला आलेल्या एका पोराने सहज सांगितले, की इथे झोपायला मिळते म्हणून शेठ रात्रीच्या भत्त्यातले पैसे कापतो. म्हणजे माझी गादी त्या पोराला मिळत होती, पण तिचे मोल गाडीच्या मालकाच्या खिशात जात होते! किंमतीपलीकडचे म्हणून जे मी बाजूला ठेवले होते, ते बाजाराने हळूच उचलून पुन्हा हिशेबात बसवले होते.

मग काय करावे? गाद्या उचलून टाकाव्यात असे प्रथम मनात आले. आपले दान कोणा तिसऱ्याच्या फायद्याचे होत असेल तर ते कशाला करायचे? परंतु हा विचार करताना माझ्या ध्यानात आले, की मला चिंता माझ्या दानाच्या शुद्धतेची पडली आहे. त्या पोराच्या पाठीची नव्हे. भत्ता कापला जाणे हा अन्यायच आहे. पण मी गाद्या उचलल्या तर तो अन्याय दूर होईलच असे नाही, आणि पाठ मात्र खात्रीने उघडी पडेल. देणाऱ्याला आपण दिले असे समाधान मिळते की नाही, ही गोष्ट देण्याच्या कर्तव्यात येतच नाही. ती आली की आपण पुन्हा काहीतरी विकत घेऊ लागतो. भाव तेवढा पैशांत नसतो.

तेव्हा गाद्या राहिल्या. फोनवर कोणी विचारले तर मी म्हणतो, "ड्रायव्हरची सोय अशी काही नाही." हे असत्य आहे काय? यावर मी आणि पत्नी अजूनही वाद घालतो. ती म्हणते, सरळ खोटे आहे. मी म्हणतो, दारी आलेल्याला झोपायला जागा देणे याला सोय म्हणत नाहीत. माझी बाजू लंगडी आहे हे मला कळते. पण त्या लंगड्या बाजूमुळे कोणाचा भत्ता वाचत असेल तर ती मला चालते. पाटीवरचा 'घरगुती' हा शब्दही मी रंगाने पुसला आहे. जे पाटीवर येते ते भाड्यात येते, आणि जे भाड्यात येते ते मागण्याचा गिऱ्हाइकाला हक्कच असतो.

आणखी एक गोष्ट लपवू नये. या गाद्या त्या ३००० रुपयांच्या खोल्यांवर उभ्या आहेत. खोल्या रिकाम्या पडल्या, बाग बुडालेली राहिली, तर पडवीचेही भाडे घ्यावेसे मला वाटणार नाही अशी खात्री मी देऊ शकत नाही. कर्जात असताना उधारीची ताटे वाढणाऱ्या त्या बायांपाशी जे होते ते माझ्यापाशी आहे की नाही, हे अजून ठरायचे आहे. माझी तशी वेळ आलेली नाही.

तो ड्रायव्हर पुन्हा आमच्याकडे आला नाही. आला तरी त्याला काही आठवत असेल असे वाटत नाही. अशा रात्री त्याच्या धंद्यात मोजण्यापलीकडच्या असतील. हिवाळ्यातल्या सोमवारी पाहुणे गेल्यावर आम्ही सगळ्या गाद्या अंगणात उन्हाला टाकतो. खोल्यांतल्या कोणत्या आणि पडवीतल्या कोणत्या, हे उन्हात पडल्यावर ओळखू येत नाही. संध्याकाळी गोळा करताना पत्नीला तेवढे नेमके आठवते. पडवीतल्या दोन ती आधी आत आणते, कारण दंव लवकर पडते.