सेवापुस्तकात न चढलेली भाषा

वैरागसारख्या बाजारपेठेच्या गावात 'मराठी तीस, इंग्रजी चाळीस' म्हणजे काय, हे बारावी झालेल्या मुलामुलींना समजावून सांगावे लागत नाही. मिनिटाला मराठीचे 30 शब्द, इंग्रजीचे 40. लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत हेच आकडे असतात, पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेचे प्रमाणपत्र त्यासाठी लागते, आणि आशेवर असलेली मुले दोन्ही भाषांचे टायपिंग करून ठेवतात. सामान्य घरातल्या मुलाच्या हाती पडणारा, दोन भाषांवर सरकारी शिक्का असलेला बहुधा हा एकमेव कागद. पण त्यात मोजलेला असतो तो बोटांचा वेग. समोरच्या कागदावरचा इंग्रजी उतारा मुलाला कळला की नाही, याच्याशी परीक्षेला देणेघेणे नसते. उलट ज्या दोन भाषा एखाद्याला खरोखर समजतात, ज्यांत तो तक्रार ऐकू शकतो आणि नियम सांगू शकतो, त्यांची नोंद त्याच्या सेवापुस्तकात कुठेच होत नाही.

सोलापूर जिल्ह्यात ही उणीव ठळक दिसते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत घरात कन्नड बोलणारी गावे आहेत, सोलापूर शहरात पद्मशाली विणकरांच्या वस्त्यांत तेलुगू आहे. कारभार मराठीत चालतो आणि तो तसाच चालला पाहिजे. मात्र फेरफाराच्या नोटिशीचा अर्थ विचारायला आलेल्या कन्नड म्हातारीचे काम अडत नाही, कारण कचेरीत कुणीतरी शिपाई, कोतवाल किंवा दारातला अर्ज लिहिणारा दोन्ही भाषा जाणणारा असतो. साहेब त्याला हाक मारतात, तो दोन वाक्ये इकडून तिकडे करतो, काम होते. ही सोय गोड वाटते खरी, पण तिच्यातली मेख अशी की त्या दोन वाक्यांची जबाबदारी कुणाचीच नसते. त्याने 'हरकत' ऐवजी 'संमती' सांगितली तर सही म्हातारीची आणि शेरा साहेबांचा. मधला माणूस कागदावर नाहीच. न्यायालयाबाबत कायदा दक्ष आहे. आरोपीला न समजणाऱ्या भाषेतली साक्ष त्याला समजेल त्या भाषेत उघड न्यायालयात सांगावी लागते. तहसिलाच्या खिडकीवर, दवाखान्यात किंवा ठाण्यात जबाब घेताना एवढीही शिस्त नाही. दोन भाषा खरोखर येतात याच्या प्रमाणपत्राचे पहिले मोल मला इथे दिसते: ते मधल्या माणसाला मान देते आणि त्याच वेळी उत्तरदायी करते. पगारातली वाढ नंतरची गोष्ट.

ज्ञान असूनही त्याची नोंद नसली की काय होते, याचा धडा 2023 मध्ये मिळाला. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी त्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि जुनी दप्तरे उघडताच लक्षात आले की मजकूर मोडीत आहे, निजामाच्या सरकारी कारभारातला असेल तर उर्दूत किंवा फारसीत. वैरागचा बार्शी तालुका तेव्हा मुंबई इलाख्यात, आणि लगतचा उस्मानाबाद म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा निजामाकडे. काही कोसांच्या अंतरावर दप्तराची भाषा बदलत होती. आता ज्या कागदावर कुटुंबाच्या सवलतीचा हक्क ठरणार, तो वाचायला प्रशासनाला जाणकारांची शोधाशोध करावी लागली. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते म्हणून निदान काही वाचक हाताशी होते. गरज पडल्यावर भाषाजाणकार पैदा करता येत नाहीत. ते आधीच मोजून ठेवावे लागतात.

अशा प्रमाणपत्रावर पहिला आक्षेप राजभाषेचा. 1964 च्या अधिनियमाने मराठी ही राज्याची राजभाषा झाली, मग कन्नड येणाऱ्याला बक्षीस कशाला? पण बेळगावातला मराठी माणूस काय मागतो तेही पाहू. जिथे अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण 15 टक्के किंवा अधिक आहे तिथे त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळावेत, या राष्ट्रीय पातळीवर मान्य झालेल्या तत्त्वाचा तो दाखला देतो, आणि बरोबरच देतो. तेच तत्त्व अक्कलकोटला नाकारून बेळगावात मागता येणार नाही. शिवाय बालभारती कन्नड माध्यमाची पाठ्यपुस्तके काढते. ज्या भाषेत राज्य स्वतः मुले शिकवते, त्या भाषेची लायकी नोकरीच्या वेळी शून्य धरणे हा नुसता अपव्यय आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आणखी एक प्रमाणपत्र म्हणजे आणखी क्लास, आणखी गाईड, आणखी डमी उमेदवार. ही भीती खोटी नाही. म्हणूनच परीक्षा तोंडी हवी, आणि कामाच्या प्रसंगांवर: सातबारा समजावून द्या, औषध कसे घ्यायचे ते सांगा. कॅनडाच्या केंद्रीय सेवेत वाचन, लेखन आणि बोलणे यांच्या पातळ्या वेगवेगळ्या ठरतात, आणि पद ज्या पातळीचे असेल तेवढीच मागितली जाते. तिथला द्विभाषिक भत्ता 1977 पासून वर्षाला 800 डॉलरच राहिला आहे, म्हणजे महागाईने तो केव्हाच खाल्ला. तरी पदासाठीची पातळी गाठावीच लागते. मोबाइलवरचे भाषांतर पुरेसे आहे, असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे की चुकीच्या भाषांतराखाली सही कुणाची घ्यायची.

नवे खाते उघडायची गरज नाही. भाषा संचालनालयाचे एतदर्थ मंडळ कर्मचाऱ्यांच्या मराठी-हिंदी परीक्षा आजही घेते, मुदतीत उत्तीर्ण न होणाऱ्याची वेतनवाढ रोखण्याची तरतूदही आहे. शिक्षेची यंत्रणा तयार आहे. त्याच मंडळाने कन्नड, तेलुगू, उर्दू यांची ऐच्छिक परीक्षा घ्यावी आणि निकाल सेवापुस्तकात चढवावा. अडचण येईल ती वेगळीच. कन्नडचे प्रमाणपत्र असलेला लिपिक दर बदलीत सीमेवरच पाठवला जाऊ लागला, तर शहाणा माणूस येणारी भाषाही येत नाही म्हणून सांगेल. तेव्हा अशा पदावरची मुदत किती आणि त्यानंतर पसंतीचे ठिकाण मिळणार का, हे परीक्षेची अधिसूचना निघण्याआधीच ठरलेले असावे.