कचाची कैफियत

प्रेमाच्या आरंभकाळी माणूस जे दाखवितो त्यात स्वभाव किती आणि योजना किती, याची शहानिशा करण्याची सवड प्रेमात पडणाऱ्याला नसते. त्यामुळे पुढे फसवणुकीची फिर्याद करण्याची वेळ आलीच, तर फिर्यादीजवळ ना दस्तऐवज असतो ना साक्षीदार, असतात त्या केवळ आठवणी. महाभारताच्या आदिपर्वातील देवयानीची फिर्याद या जातीची आहे, आणि आपण ती फारशी चौकशी न करता केव्हाच दप्तरी दाखल करून टाकली आहे.

युद्धात पडलेल्या दानवांना शुक्राचार्य संजीवनी विद्येच्या बळावर पुन्हा उठवीत, आणि बृहस्पतीपाशी ती विद्या नव्हती, म्हणून देवांनी त्याचा पुत्र कच याला दानवराज वृषपर्व्याच्या राजधानीत शुक्राकडे धाडले, ही कथा सर्वश्रुत आहे. पण धाडताना त्यांनी जो सल्ला दिला तो वाचताना आपण सहज ओलांडून जातो. शील, दाक्षिण्य आणि माधुर्य यांच्या योगे शुक्राच्या लाडक्या कन्येला तू संतुष्ट कर, म्हणजे विद्या तुला निश्चित मिळेल, असे देव त्याला सांगतात. पुढे देवयानीला जे प्रेम वाटले त्याचा मसुदा असा देवांच्या सभेत आधीच तयार झालेला होता, आणि कचाने तो गीत, नृत्य, वाद्य, फुले आणि फळे यांच्या साह्याने अक्षरशः अमलात आणला.

आता कचाच्या बाजूने बोलावयाचे तर पुष्कळ बोलता येईल. त्याने आपले नाव किंवा कुळ लपविले नाही. आपण बृहस्पतीचे पुत्र आहोत हे त्याने पहिल्याच भेटीत शुक्राचार्यांना सांगितले. ब्रह्मचर्याचे व्रत त्याने मोडले नाही, आणि विवाहाचे वचन तर त्याने कधी दिलेच नाही. उच्चारलेल्या शब्दापुरताच सत्याचा प्रांत मानला, तर कच निर्दोष सुटतो. (देवांचे वकीलपत्र घेणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण पडलेली नाही.)

परंतु याच कथेत असा एक प्रसंग आहे की, जो त्याच्या बाजूने वाचावा तितका त्याच्याच अंगावर येतो. दानवांनी त्याला मारून, जाळून, त्याची राख मद्यात कालवून ती शुक्राचार्यांनाच पाजली. आता या मुलाचा शोक पुरे, असे शुक्राचार्य म्हणत असता, मी अन्न घेणार नाही, कचाच्याच वाटेने जाईन, असा हट्ट देवयानीने धरला. तेव्हा गुरूच्या उदरातून कच बोलला. तो बाहेर येणार म्हणजे गुरू मरणार, म्हणून शुक्राचार्यांनी उदरातल्या शिष्याला विद्या दिली आणि बाहेर पडल्यावर तिचा धर्माने विनियोग कर, असे बजावले. शत्रूचा पुरोहित मृत होऊन पुढ्यात पडला आहे, विद्या हाती आली आहे, नुसते उठून चालू लागले तरी देवांचे युद्ध जिंकल्यात जमा होते. आणि तरीही कचाने पहिले काम केले ते गुरूला जिवंत करण्याचे. म्हणजे विश्वास हे ऋण आहे, त्याची फेड स्वार्थाच्या आड आली तरी केलीच पाहिजे, हे त्याला नीट कळत होते. न कळण्याचा फायदा त्याला देता येत नाही.

मग देवयानीच्या बाबतीत हे ज्ञान कोठे गेले? व्रत पुरे होऊन तो निघाला तेव्हा तिने समंत्रक पाणिग्रहणाची, म्हणजे सर्वथा धर्म्य अशी मागणी केली. तू गुरुकन्या आहेस आणि ज्या उदरात तू राहिलीस त्यातच मी राहिलो, म्हणून तू माझी बहीण, हे त्याचे उत्तर. त्यातला दुसरा मुद्दा नवा होता हे मान्य. पण ती गुरुकन्या आहे हे त्याला फुले वेचून देतानाही ठाऊक होते. माझ्या मते कचाचा अपराध नकारात नाही, नकार देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. त्याचा अपराध हा की, आपल्या आचरणातून तिने कोणता अर्थ घ्यावा हे त्याने ठरविले आणि त्या अर्थाची जबाबदारी मात्र तिच्यावर टाकली. विद्या तुला फळणार नाही असे ती संतापून म्हणाली, तेव्हा तुझा शाप धर्मातून नव्हे, कामातून आला आहे, असे तिला ऐकवण्याइतका तो निष्ठुर झाला, आणि कोणीही ऋषिपुत्र तुझे पाणिग्रहण करणार नाही, असा उलट शापही त्याने दिला.

देवयानीची दुसरी फसवणूक याच उपाख्यानात पुढे येते. राजा ययातीशी तिचा विवाह झाला त्या वेळी, तिची दासी शर्मिष्ठा हिला शय्येवर बोलावू नये, अशी स्पष्ट अट शुक्राचार्यांनी ययातीला घातली होती. ती मोडावी म्हणून शर्मिष्ठा त्याला जो आधार दाखविते तो विलक्षण आहे: विनोदात, स्त्रियांशी, विवाहकाळी, प्राणसंकटात आणि सर्वस्व जात असता बोललेले असत्य पाप ठरत नाही. पाचांपैकी दोन सवलती नेमक्या तेथेच, जेथे समोरच्या माणसाने डोळे मिटून विश्वास टाकलेला असतो! ययातीने अट मोडली, आणि हे असत्य उघडकीस आणले ते त्याच्या व शर्मिष्ठेच्या मुलांनी. तुमचा पिता कोण, असे देवयानीने विचारताच त्यांनी बोटाने राजा दाखविला आणि ती मुले त्याच्याकडे धावली. देवयानी शेजारी असल्यामुळे राजाने त्यांना जवळ घेतले नाही, तेव्हा मुले रडत आईकडे परतली.

या वेळी फिर्याद तात्काळ दाखल झाली, कारण अट बोलून दाखविलेली होती. शुक्राचार्यांनी ययातीला भर तारुण्यात जरेचा शाप दिला. कचाने कोणतीच अट मोडली नव्हती. तो स्वर्गात परतला तेव्हा देवांनी त्याचा जयजयकार केला, तुझी कीर्ती कधी नष्ट होणार नाही असे सांगितले आणि यज्ञातील आपल्या भागात त्याला वाटेकरी करून घेतले.