न ओळखलेला कंद

जोयडा तालुक्यात एक कुणबी आजी राहायची. रानातला कुठला कंद भाजायचा, कुठला उकडायचा, कडू करांद्याचं पाणी किती वेळा ओतून द्यायचं, हे तिला आईने शिकवलं होतं आणि आईला तिच्या आईने.

नातू गोव्यात हॉटेलात रात्रपाळी करायचा. चतुर्थीला आला तो निम्मा होऊन. जेवण नको, झोप नाही, दात करकर वाजत. छातीची धडधड कुडत्यावरून दिसे. रात्री ओरडत उठला, "परसात कोणीतरी मला मारायला आलंय!" परसात कुणी नव्हतं.

"काय खाल्लंस रे?"

"एमडी. पांढरी पावडर. डोळा लागत नाही, काम उरकतं."

"केली कुणी?"

"ठाऊक नाही."

"आत काय घालतात?"

नातू गप्प.

"करांदा पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा, तरी मी तो उकडून घेते. आणि तू न ओळखताच गिळलंस?"

 

सकाळी आजीने त्याला दांडेलीला नेलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, एमडी म्हणजे मेफेड्रोन. नशा काही तासांतच उतरते आणि लगेच पुन्हा घ्यावंसं वाटतं. तेवढ्यात हृदय धावत राहतं, अंग तापतं, मनात संशय भरतो. जीवही जातो. 2015 पासून आपल्याकडे बंदी आहे. तरी 2024 मध्ये पुण्याजवळ कुरकुंभच्या कारखान्यात पोलिसांना शेकडो किलो सापडलं. बंदी चुकवायला बनवणारे रसायनात जरासा फरक करून नवाच पदार्थ काढतात. पुडी तीच, आत दुसरंच. काय घेतलंय तेच कळलं नाही, तर आम्ही उपचार तरी कशावर करायचे?"

सावरायला महिने गेले. आधी तो नुसता झोपून असे, मग कशातच जीव रमेना. आजीने त्याला एकटं सोडलं नाही.

एकदा गोव्याहून मित्राचा फोन आला, "नवा माल आलाय, आधीच्यापेक्षा जोरदार."

"केलाय कुणी? आत काय आहे?"

मित्राला सांगता येईना.

"मग 14446 या नशामुक्ती हेल्पलाइनला फोन कर, पैसे पडत नाहीत. नाहीतर उद्याच्या गाडीने इकडे ये. डॉक्टरांकडे मी येतो सोबत."